देवमाशांच्या खाडीकाठची माणसे
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे जमला आहात. कोणी शेतातून आला आहे, कोणी चूल आवरून आली आहे. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. आज मी तुम्हांला एका दूरच्या मुलखाची हकीकत सांगणार आहे. त्या मुलखाचे नाव समाना.

हे नाव तुम्ही ऐकले नसेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. समानाच्या लोकांनीही आपल्या गावाचे नाव ऐकलेले नाही. म्हणजे फिट्टंफाट झाली.

आता भिंतीवरचा हा नकाशा पाहा. ही मुंबई. मुंबईवर बोट ठेवा आणि बोट सरळ डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे, सरकवत न्या. वर नको, खाली नको. आधी आपला अरबी समुद्र लागेल. मग अरबस्तान. मग तांबडा समुद्र. मग आफ्रिकेतले मोठे वाळवंट. मग अटलांटिक महासागर. हा महासागर ओलांडला, की बोट जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर टेकते. तेच समाना.

मुंबई आणि समाना पृथ्वीच्या जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. म्हणून तिथले ऊनही आपल्यासारखेच. नारळ आपल्यासारखा, केळ आपल्यासारखी, आंबासुद्धा आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. आपण दिवे लावतो, तेव्हा तिथला कोळी सकाळची मासळी विकून घरी निघालेला असतो.

समाना हा एका बेटाचा कोपरा आहे. बेटाचे नाव हिस्पॅनिओला. या एका बेटावर दोन देश आहेत. पश्चिमेला हैती आणि पूर्वेला डोमिनिकन प्रजासत्ताक. हा दुसरा देश आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे. तिथली भाषा स्पॅनिश. आपल्याकडे जसे जिल्हे, तसे त्या देशात प्रांत आहेत. समाना हा त्यांतला एक लहानसा प्रांत. वस्ती एक लाखाच्या आसपास. आपल्याकडचा एखादा मोठा तालुका याहून मोठा भरेल.

हाताची मूठ मिटा आणि एकच बोट बाहेर काढा. समाना तसा आहे. बेटाच्या ईशान्य टोकाला जमिनीचे एक लांब बोट समुद्रात घुसले आहे. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमीन. अशा भूभागाला द्वीपकल्प म्हणतात. बोटाच्या मधोमध हिरव्या डोंगरांची रांग आहे. उत्तरेला उघडा महासागर आणि दक्षिणेला मोठी शांत खाडी. खाडीच्या तोंडाशी वादळी लाटा अडतात, म्हणून आत गलबतांना चांगला आसरा मिळतो. या खाडीवर मोठमोठ्या राष्ट्रांचा डोळा होता, तो याच कारणाने.

बोट जिथे मुठीला जुळते, तिथे युना नावाची नदी खाडीला मिळते. ती गाळ आणते. त्या गाळात खारफुटीचे रान माजले आहे. आपल्या कोकणात तिवरांचे रान असते ना, तसेच. या रानाच्या मुळांत कोळंबी आणि मासळीची पिल्ले वाढतात. म्हणून नदीजवळच्या सांचेस गावची कोळंबी नावाजलेली आहे. खाडीच्या दक्षिण काठी चुनखडीच्या टेकड्या आणि गुहा आहेत. त्या गुहांच्या भिंतींवर शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी पक्षी, मासे आणि चेहरे काढून ठेवले आहेत. त्यांना अक्षरे येत नव्हती. पण मागे काहीतरी ठेवून जावे, ही ओढ त्यांनाही होती.

पावसाचे म्हणाल, तर तिथे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाही. समुद्रावरून वारे बहुतेक बाराही महिने येतात, डोंगराला अडतात आणि पाऊस पाडतात. त्यामुळे डोंगर सदा हिरवे. पण जून ते नोव्हेंबर या काळात मोठ्या चक्रीवादळांची भीती असते. घरांची छपरे उडतात, केळी झोपतात. कोकणातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

आता दोन वस्तूंची गंमत ऐका. समानात जिकडे पाहावे तिकडे नारळ. मासळी शिजते ती नारळाच्या रसात. पावातही नारळ. पण हा नारळ मुळात तिथला नव्हे! पोर्तुगीज दर्यावर्दींनी तो हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरून नेला. आधी आफ्रिकेच्या पश्चिमेच्या बेटांवर आणि मग सोळाव्या शतकात पलीकडे. आजच्या शास्त्रज्ञांनी नारळांचे कूळ तपासले. तेव्हा त्या बाजूचे नारळ आपल्याकडच्या नारळांचे भाऊबंद निघाले.

उलट, आपल्या उपासाचा साबुदाणा घ्या. तो होतो साबुकंदाच्या पिठापासून. आणि साबुकंद मूळचा अमेरिका खंडाचा. समानाचे जुने रहिवासी त्याची भाकरी करीत. या कंदाच्या कडू जातीत विष असते. म्हणून ते कंद किसून विणलेल्या लांब पिशवीत भरीत, पिळून रस काढून टाकीत आणि मग तव्यावर भाकरी भाजीत. ती भाकरी तिथे आजही होते. २०२४ साली युनेस्को या जागतिक संस्थेने ती कला जगाच्या वारशात नोंदवली. तेव्हा बायांनो, पुढच्या एकादशीला खिचडी करताना त्या लोकांची आठवण काढा. आपला नारळ त्यांच्या ताटात गेला आणि त्यांचा कंद आपल्या उपासाला आला.

त्या जुन्या रहिवाशांचे पुढे काय झाले? ते दुःखाचे आहे. कोलंबस नावाचा दर्यावर्दी हिंदुस्थान शोधायला निघाला होता. तो वाट चुकून या बेटावर गेला. १४९३ सालच्या जानेवारीत तो समानाच्या खाडीत शिरला. तिथल्या लोकांशी त्याच्या माणसांची चकमक झाली. लोकांनी धनुष्ये उचलली. म्हणून कोलंबसाने त्या जागेला बाणांचे आखात असे नाव दिले. तिथूनच तो स्पेनला परत गेला आणि पुढे मोठा लवाजमा घेऊन आला. मग सक्तीची मजुरी आली आणि परके रोग आले. पन्नास-साठ वर्षांत बेटावरचे बहुतेक मूळ लोक संपले. मजूर कमी पडले, म्हणून आफ्रिकेतून माणसे पकडून आणली. गुरांसारखी त्यांची खरेदी-विक्री झाली. यालाच गुलामगिरी म्हणतात.

समाना गाव वसले १७५६ साली. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवरून काही कुटुंबे आणून तिथे बसवली. पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या पुढची आहे.

बेटाच्या पश्चिम भागातल्या गुलामांनी बंड केले, मालकांना हाकलले आणि १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश उभा केला. जगात असे दुसरीकडे कुठे झालेले नाही. १८२२ साली हैतीने पूर्वेचा भागही ताब्यात घेतला आणि तिथली गुलामगिरी बंद केली. त्या वेळी हैतीचा अध्यक्ष होता ज्याँ-पिएर बोये. त्याने अमेरिकेतल्या काळ्या लोकांना निरोप धाडला. या, आमच्याकडे राहा. येण्याचा खर्च आम्ही देतो, कसायला जमीन देतो, सुरुवातीचे काही महिने शिधाही देतो.

अमेरिकेत तेव्हा लाखो काळी माणसे गुलाम होती. काही थोडी सुटलेली होती, पण त्यांनाही मान नव्हता. चांगली कामे मिळत नसत. पकडून पुन्हा विकतील ही धास्ती असे. बोयेचा निरोप आला तेव्हा १८२४ आणि १८२५ साली हजारो माणसे फिलाडेल्फिया आणि दुसऱ्या बंदरांतून जहाजात बसली. सगळ्यांचे बरे झाले असे नाही. पुष्कळांना हवा मानवली नाही. कोणी तापाने गेले. कोणी निराश होऊन परत फिरले. पण काही कुटुंबे समानाच्या खाडीकाठी उतरली आणि तिथेच राहिली. त्यांनी डोंगरउतार साफ केले, कंद लावले, नारळ लावले, घरे बांधली.

मंडळी, या लोकांनी बरोबर काय आणले असेल? सोने नव्हते. भांडीकुंडी थोडी. त्यांनी आणली आपली भाषा, म्हणजे इंग्रजी. आपली भजने आणली. आणि आणले धर्मपुस्तक, बायबल. ते वाचता यावे, म्हणून त्यांनी अक्षरओळख जिवापाड जपली.

जिवापाड हा शब्द मी उगाच वापरला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. मालकांना ठाऊक होते, की ज्याला वाचता येते तो विचारतो, आणि जो विचारतो तो फार दिवस गुलाम राहत नाही.

फ्रेडरिक डग्लस नावाचा एक मुलगा असा गुलाम होता. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाला कळले. तो बायकोवर रागावला आणि शिकवणे बंद केले. पण पोराने मनात गाठ मारली. ज्या गोष्टीला मालक एवढा भितो, ती गोष्ट मोलाचीच असणार. घरून पावाचा तुकडा खिशात घालून तो बाहेर पडे. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना तो तुकडा देई आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून एकेक धडा शिकून घेई. पुढे तो पळाला, मोकळा झाला, मोठा वक्ता आणि लेखक झाला.

हाच डग्लस १८७१ साली समानाच्या खाडीत आला होता. कसा, ते सांगतो. खाडीवर मोठ्या राष्ट्रांचा डोळा होता असे मी म्हणालो, ते आठवत असेल. डोमिनिकन देश १८४४ साली हैतीपासून वेगळा झाला होता. अमेरिकेला हा देश आपल्यात घ्यायचा होता आणि समानाच्या खाडीत लढाऊ जहाजे ठेवायची होती. १८६९ साली तसा करारही लिहिला गेला. पण १८७० साली अमेरिकेच्या वरिष्ठ सभेत मते पडली ती निम्मी-निम्मी. असल्या कराराला दोन-तृतीयांश मते लागतात. करार फसला. मग लोकांचे म्हणणे काय आहे ते पाहायला अमेरिकेने एक मंडळ पाठवले. त्यात डग्लस साहाय्यक चिटणीस होता. देश अमेरिकेला जोडावा असेच त्याचे मत होते. पण तसे घडले नाही. समाना डोमिनिकन देशातच राहिले.

गावात टेकडीवर एक चर्च आहे. लाकडी भिंती, पत्र्याचे छप्पर. ते विलायतेहून सुट्या भागांत जहाजाने आले आणि १९०१ साली तिथे जोडून उभे केले. लोक त्याला ‘ला चुर्चा’ म्हणतात. इंग्रजी ‘चर्च’ शब्दाला स्पॅनिश शेपूट जोडले, की झाले ‘चुर्चा’. तसेच त्यांच्या एका रोटीचे. इंग्रजीत ती ‘जॉनी केक’. स्पॅनिश जिभेवर तिची झाली ‘यानिकेके’. आपणही ‘टेबल’ आणि ‘इस्टेशन’ असेच आपलेसे केले आहेत.

ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तिथल्या चर्चमध्ये पीक घरात आल्याचे सण होतात. लोक कंद, केळी, नारळ आणि पाव घेऊन येतात, देवाचे आभार मानतात, गातात आणि एकत्र जेवतात. आपण नव्या धान्याची पहिली लोंबी देवापुढे ठेवतो, तसाच हा भाव. माणूस कुठलाही असो, दाणा हातात आला की त्याचे हात आपोआप जुळतात.

१९४६ साली गावाला मोठी आग लागली. पुष्कळ घरे जळाली, पण चर्च वाचले. पुढे १९७० नंतरच्या दहा वर्षांत सरकारने गावाची नवी आखणी केली. जुनी लाकडी घरे पाडली आणि रुंद रस्ते केले. त्यातूनही चर्च टिकले.

पण एक गोष्ट मात्र हळूहळू हातातून निसटली. ती म्हणजे त्यांची बोली.

शंभर वर्षे हे लोक घरात इंग्रजी बोलत आले. आडनावेही जोन्स, ग्रीन, जॉन्सन अशी. मग सरकारी शाळा आल्या. १९३० ते १९६१ या काळात त्या देशावर त्रुहियो नावाच्या हुकूमशहाचे राज्य होते. सगळीकडे स्पॅनिशच चालावी असा त्या राजवटीचा आग्रह होता. शाळा स्पॅनिश, कचेरी स्पॅनिश, बाजार स्पॅनिश. पोरे स्पॅनिश शिकली. ते बरेही झाले. देशाची भाषा आल्याशिवाय माणसाचे चालत नाही. पण आजीची बोली मागे पडली. आजी इंग्रजीत बोले, नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देई. पुढे नातवाच्या मुलांना आजीचे बोलणेच उमगेना.

१९८० नंतर दूरदेशीचे भाषापंडित समानात आले. बरोबर ध्वनिमुद्रणाची यंत्रे. ते म्हाताऱ्या माणसांपाशी बसले आणि त्यांचे बोलणे साठवून घेऊ लागले. कारण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले काळे लोक कसे बोलत, याचा माग त्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर होता. अमेरिकेतली बोली बदलत गेली होती. समानात ती डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये राहिली होती. ज्या बोलीला गावातली पोरे हसत असतील, ती ऐकायला विद्वान हजारो कोस तुडवून आले. आता ती बोलणारी बहुतेक म्हातारी माणसेच उरली आहेत.

आता खाडीतल्या पाहुण्यांविषयी सांगतो. दरवर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत समानाच्या खाडीत देवमासे येतात. लहानसहान नव्हेत. एकेक १२ ते १५ मीटर लांब. वजन ३० टनांच्या आसपास, म्हणजे तीन-चार मालमोटारींचा माल. नाव मासा असले तरी तो मासा नव्हे. तो आपल्या गाई-म्हशींसारखा पिलाला दूध पाजतो आणि हवा घ्यायला पाण्यावर येतो.

हे देवमासे उन्हाळ्यात कॅनडा, ग्रीनलंड आणि आइसलंडच्या थंड समुद्रात राहून पोटभर खातात. थंडी पडू लागली की हजारो किलोमीटर पोहत या गरम पाण्याकडे येतात. इथे नर गातात, जोड्या जमतात, माद्या वितात. जन्मलेले पिलू जवळजवळ टनभर वजनाचे असते. इथे असेपर्यंत आई जवळजवळ काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर स्वतः जगते आणि पिलाला वाढवते. लेकराच्या तोंडात घास घालून स्वतः पाणी पिऊन झोपणारी आई तुम्हांआम्हांला अनोळखी नाही.

प्रत्येक देवमाशाच्या शेपटीखाली काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते. एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नसते. अगदी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. शास्त्रज्ञ तिची छायाचित्रे काढून ठेवतात आणि कोण कधी आला ते ओळखतात. तुम्ही मंडळी आता अंगठा सोडून सहीवर आलात. देवमासा मात्र अजून ठशावरच आहे!

पूर्वी तेलासाठी माणसांनी या प्राण्यांची बेसुमार कत्तल केली. फार थोडे उरले. मग विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या जातीच्या शिकारीवर बंदी आली. १९८६ साली डोमिनिकन सरकारने उत्तरेकडचा उथळ समुद्र देवमाशांसाठी राखून ठेवला. पुढे समानाची खाडीही त्यात आली. आता लोक होडीत बसून त्यांना पाहायला जातात. होड्यांना नियम आहेत. आई-पिलाच्या फार जवळ जायचे नाही आणि त्यांच्याभोवती होड्यांची गर्दी करायची नाही. समानाच्या होडीवाल्याला कळले आहे, की मारलेला देवमासा एकदाच पैसे देतो आणि जिवंत देवमासा दरवर्षी देतो. आपल्या अरबी समुद्रातही याच जातीचे देवमासे आहेत. ते थोडेच उरले आहेत आणि आपला समुद्र सोडून दूर जात नाहीत. म्हणजे ते आपलेच गाववाले. त्यांना सांभाळणे आपल्याकडे आहे.

शेवटची गोष्ट रस्त्याची. २००६ साली तिथे नवा विमानतळ झाला. २००८ साली राजधानीपासून नवा मोठा रस्ता झाला. पूर्वी चार-पाच तास लागत, ते आता दोन-अडीच तासांवर आले. रोगी लवकर दवाखान्यात पोचतो आणि माल लवकर बाजारात जातो. हे चांगलेच झाले. पण त्याच रस्त्याने पैसेवालेही आले. लास तेरेनास हे एके काळी कोळ्यांचे खेडे होते. आज तिथे परदेशी लोकांची घरे आणि हॉटेले आहेत. गावच्या पोरांना काम मिळाले, पण किनाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्या देशाचा १९६८ चा एक कायदा आहे. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर रुंदीची पट्टी सर्व लोकांची. ती कोणी अडवू शकत नाही. चांगला कायदा आहे. पण ज्याला तो ठाऊक असतो, त्यालाच त्याचा उपयोग होतो. जमिनीला भाव चढला, की सर्वांत आधी कागद विचारला जातो. आणि कागद वाचणारा आपला असला तर बरे. परका असला तर देवच राखणार. हे समानात खरे, तसे आपल्या गावातही खरे.

मंडळी, आता आटोपते घेतो.

त्या लोकांकडे एक पुस्तक होते. ते वाचता यावे म्हणून त्यांनी अक्षरे जपली. पण घरातली बोली, आजीच्या गोष्टी आणि डोंगरातल्या झाडांची नावे त्यांनी फारशी लिहून ठेवली नाहीत. ते कोणाला सुचले नाही. बाहेरचे लोक यंत्रे घेऊन आले म्हणून त्यातले थोडे वाचले.

तुमच्या घरातही जात्यावरच्या ओव्या आहेत. शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. कोणत्या पाल्याने जखम भरते, ते एखाद्या आजीला ठाऊक आहे. ते तिच्याबरोबर जाऊ देऊ नका. तुम्हांला आता लिहिता येते. आज घरी गेल्यावर वहीचे एक कोरे पान उघडा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याने सांगितलेली एक ओळ लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. उद्याच्या वर्गात ती ओळ आपण सगळे मिळून वाचू.

रामराम.